आठवीचं गणित, आणि एका शहराची दहा वर्षं

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी शाळांनी २०२२ साली स्वतःसाठी एक उद्दिष्ट ठरवलं. तेव्हा आठवीतली ४२ टक्के मुलं गणितात इयत्तेच्या अपेक्षेला उतरत होती. जून २०२७ पर्यंत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर न्यायचं. ओळ एवढीच, पण तिच्यामागे दहा वर्षांचा वाद आहे, आठवीतलं बीजगणित काढून टाकण्याचा, पुढे मागे घ्यावा लागलेला एक मोठा निर्णय आहे, शहरभर झालेलं मतदान आहे. मुलांचे गणिताचे गुण कमी पडतात हे दिसल्यावर सरकारी शाळांची व्यवस्था काय करते आणि कुठे अडखळते, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी घरांमध्ये या विषयावर भरपूर बोललं जातं. भारतातल्या आजी-आजोबांनी मात्र "आठवीत बीजगणित नाही म्हणजे काय?" असं विचारलं की उत्तर देताना सगळ्यांचीच पंचाईत होते. म्हणून अगदी सुरुवातीपासून सांगते.

अमेरिकेत सरकारी शाळा स्कूल डिस्ट्रिक्ट चालवतं. आपल्या जिल्ह्याशी त्याचं नातं नावापुरतंच. देशात अशी सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत. काहींत दोन-चार शाळा, काहींत शेकडो. बहुतेकांचं लोकांनी निवडून दिलेलं मंडळ असतं. हे मंडळ सुपरिंटेंडेंट नेमतं आणि तो रोजचा कारभार पाहतो. आपल्याकडे जवळात जवळचं म्हणजे जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, पण एक मोठा फरक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोणतं पुस्तक लागणार हे जिल्हा परिषद ठरवत नाही. ते बालभारतीकडून येतं. कॅलिफोर्नियात राज्य सरकार कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं ते ठरवतं आणि वर्षाअखेरीस परीक्षा घेतं. मधलं बरंचसं, म्हणजे कोणतं पुस्तक, कोणता वर्ग कधी, कोणती मुलं कोणत्या वर्गात, हे डिस्ट्रिक्टच्या हातात असतं. सॅन फ्रान्सिस्कोचं डिस्ट्रिक्ट म्हणजे अख्खं शहर: सुमारे ५० हजार मुलं आणि सात जणांचं मंडळ.

आता ते ४२ टक्के. आपल्या कानाला टक्के म्हटलं की मार्क ऐकू येतात, आणि ३५ ला पास हे तर आपल्या हाडात मुरलेलं. इथे तसं नाही. कॅलिफोर्नियात तिसरी ते आठवी आणि अकरावीची मुलं दर वसंतात संगणकावर 'स्मार्टर बॅलन्स्ड' नावाची परीक्षा देतात. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. शेवटी मुलाला चार आकडी गुणांक मिळतो. आठवीच्या गणितात २५८६ किंवा त्याहून जास्त गुणांक असेल तर मूल 'अपेक्षा पूर्ण' या गटात जातं. शंभरातली किती मुलं ही रेघ ओलांडतात, ते प्रमाण म्हणजे ४२ टक्के.

या रेघेचा मोठा धोका आहे. २५८५ गुणांकाचं मूल आणि २५८६ चं मूल यांच्या गणितात काहीही फरक नसतो, पण अहवालात एक 'नापास' बाजूला आणि दुसरं 'पास' बाजूला मोजलं जातं. उलट एखादं मूल २३५० वरून २४८० वर आलं, म्हणजे त्याने आणि त्याच्या शिक्षकाने वर्षभर जिवापाड मेहनत केली, तरी टक्केवारी जागची हलत नाही. त्यामुळे जिथे फक्त टक्केवारीवर नजर असते तिथे शाळा रेघेच्या अगदी खालच्या मुलांना धरून बसतात आणि सर्वांत मागची मुलं मागेच राहतात. अमेरिकेत २००२ साली 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा आल्यानंतर हे जागोजागी दिसलं. शिवाय यंदाची आठवी आणि गेल्या वर्षीची आठवी ही वेगवेगळी मुलं. चार टक्क्यांनी वाढ झाली तर शिकवणं सुधारलं की तुकडीच वेगळी होती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. तुमचं मूल अमेरिकन सरकारी शाळेत असेल तर टक्केवारीच्या बरोबरीने दोन गोष्टी विचारा: याच मुलांचा गुणांक गेल्या वर्षी किती होता, आणि कोणत्या गटातली मुलं किती पुढे सरकली. ४२ हा सरासरीचा आकडा आहे. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांचं प्रमाण त्याच्या बरंच खाली आहे, आणि शहराला सतावणारा खरा प्रश्न तोच आहे.

आजी-आजोबांच्या प्रश्नाकडे येते. महाराष्ट्रात नववी-दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, दोन्ही एकाच वर्षी हातात हात घालून चालतात. अमेरिकेत ही शिडी आहे. एक अख्खं वर्ष अल्जिब्रा १, म्हणजे बीजगणिताचा पहिला भाग, पुढचं वर्ष फक्त भूमिती, मग अल्जिब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी), मग कॅल्क्युलस, म्हणजे कलनशास्त्र. एका वर्षी एक पायरी. पहिली पायरी आठवीत चढलात तर बारावीत कॅल्क्युलसला पोचता. नववीत चढलात तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपाशीच थांबता. चांगल्या विद्यापीठात इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाला जायचं तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस झालेलं असणं मोठं वजन ठरतं. म्हणजे तेराव्या वर्षी मूल कोणत्या वर्गात बसलंय, यावर अठराव्या वर्षाचा दरवाजा काही अंशी ठरतो.

म्हणूनच अल्जिब्रा हा या देशात नागरी हक्कांचा विषय आहे. १९६० च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी जीव धोक्यात घालणारे बॉब मोझेस यांनी पुढे १९८० च्या दशकात 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. मताचा हक्क जसा नाकारला गेला तसंच गरीब मुलांना गणित नाकारलं जातंय, ही त्यांची तळमळ होती. त्याच विचाराच्या लाटेत कॅलिफोर्नियाने १९९० च्या अखेरीपासून आठवीत अल्जिब्रा सगळ्यांना मिळावा म्हणून जोर लावला. राज्यातली अर्ध्याहून जास्त मुलं आठवीत अल्जिब्राच्या वर्गात बसू लागली. बसली खरी, पण त्यातली पुष्कळ नापास झाली आणि तोच वर्ग नववीत पुन्हा करू लागली. काही जण तर दहावीतही.

सॅन फ्रान्सिस्कोत हेच चित्र होतं, आणि नापास होऊन परत बसणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त होती. वेगवान वर्गात गोरी आणि आशियाई मुलं, संथ वर्गात बाकीची. हे दृश्य कोणत्याही संवेदनशील माणसाला टोचणारंच होतं.

२०१४ चा निर्णय या टोचणीतून आला. राज्याने तोवर 'कॉमन कोअर' ही नवी मानकं स्वीकारली होती. त्यांत आठवीच्या नेहमीच्या गणितातच रेषीय समीकरणं, आलेखाचा चढ, फलन या गोष्टी आल्या होत्या, म्हणजे जुन्या अल्जिब्राचा बराच भाग. मंडळाने ठरवलं की आता आठवीत कोणालाच अल्जिब्रा १ नाही. सगळी मुलं एकाच वर्गात, एकाच वेगाने, आणि सगळ्यांना अल्जिब्रा नववीत. ज्यांना कॅल्क्युलसपर्यंत जायचं त्यांच्यासाठी अकरावीत अल्जिब्रा २ आणि प्रीकॅल्क्युलस एकत्र करून एका वर्षाचा दाटीवाटीचा वर्ग. हा निर्णय घेणाऱ्यांचा हेतू मला खोटा वाटत नाही. वर्गात मुलांची प्रतवारी लावली की खालच्या वर्गाला नवखे शिक्षक, सोपी उदाहरणं आणि कमी अपेक्षा मिळतात, हे दशकानुदशकं दिसलेलं आहे.

काही वर्षांनी डिस्ट्रिक्टने अभिमानाने सांगितलं की अल्जिब्रा १ पुन्हा करावा लागणाऱ्या मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलं. देशभर या आकड्याची चर्चा झाली, इतर शहरांनी तो कित्ता गिरवायचा विचार केला. पण चिकाटीच्या काही पालकांनी कागदपत्रं मागवून तपासली, तेव्हा लक्षात आलं की मधल्या काळात पुढच्या वर्गात जाण्याचा नियमच बदलला होता. आधी त्यासाठी राज्याची अल्जिब्राची परीक्षा पाहिली जायची. ती परीक्षाच बंद झाली होती. गाळणीचं जाळं मोठं केलं की वर कमी उरतं, त्यावरून खाली काय पडलं ते कळत नाही.

दरम्यान ऐपतीची घरं आपापली वाट काढत होती. उन्हाळ्यात पैसे भरून ऑनलाइन अल्जिब्रा करायचा, नववीत अल्जिब्रा आणि भूमिती दोन्ही एकदम घ्यायचं, नाहीतर सरळ खासगी शाळा. आपली मराठी मंडळीही यात होती; मुलांसाठी पदरमोड करायची सवय आपल्याला आहेच, आणि ज्याला जमतं त्याला मी दोष देणार नाही. पण घरी संगणक नाही, आई दोन नोकऱ्या करते, अशा घरातल्या हुशार मुलीला ही वाट नव्हती. पूर्वी तिला आठवीतला अल्जिब्राचा वर्ग शाळेत फुकट मिळत होता. समानतेसाठी घेतलेल्या निर्णयाने नेमकं तिचंच दार बंद केलं, हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागतं.

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या थॉमस डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धोरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रगत गणित घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला घसरलं, विशेषतः कॅल्क्युलसमध्ये, आणि नंतर बरंचसं सावरलं. वेगवेगळ्या वंशांच्या मुलांमधली प्रगत गणितातली दरी मात्र जवळपास होती तशीच राहिली. ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला, ते कारण जागेवरच होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाने आठवीतला अल्जिब्रा परत आणायचं ठरवलं. मार्चमध्ये शहराच्या मतपत्रिकेवर हाच प्रश्न सल्ल्यादाखल आला आणि ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी अल्जिब्राच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर २०२४-२५ पासून वेगवेगळ्या मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवीच्या शाळांमध्ये) वेगवेगळे प्रकार करून पाहणं सुरू झालं. कुठे आठवीतल्या सगळ्यांना अल्जिब्रा, कुठे आठवीच्या नेहमीच्या गणिताच्या जोडीला अल्जिब्राचा दुसरा तास.

अल्जिब्रा काढून आणि परत आणून दहा वर्षं गेली. मग ४२ टक्क्यांचं काय?

पाचवीतला अपूर्णांक आठवीत गाठतो

आठवीच्या परीक्षेत एक नेहमीचा प्रकार असतो. नळातून ४ मिनिटांत ३ लिटर पाणी येतं. १० मिनिटांत किती येईल, याचा आलेख काढा, रेषेचा चढ सांगा, समीकरण लिहा. हे येण्यासाठी मुलाला एका मिनिटाला ३/४ लिटर हे दिसावं लागतं. ३/४ ही एक संख्या आहे, संख्यारेषेवर तिची स्वतःची जागा आहे, तिला १० ने गुणता येतं, हे पक्कं असावं लागतं. ज्या मुलाच्या लेखी ३/४ म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन संख्या, ते मूल ३/४ + १/२ ची बेरीज ४/६ करतं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक आळशीपणाची नाही; त्या मुलाच्या डोक्यात अपूर्णांकाचं जे चित्र आहे त्याला ती अगदी धरून आहे. पाऊण भाकरीत अर्धी भाकरी मिळवली तर ती पाऊण भाकरीपेक्षा कमी कशी होईल, हे त्याला कोणी हातात भाकरी देऊन विचारलेलं नसतं.

वाचनालयात मुलांना गणित शिकवायला बसले की मला पुन्हा पुन्हा हेच दिसतं. आठवीचं मूल 'अल्जिब्रा येत नाही' म्हणून येतं. दहा मिनिटं बोललं की कळतं, क्ष ने त्याला अडवलेलं नाही. अडवलंय छेदाने, ऋण संख्येने, कधी कधी ७ × ८ ने. दर पायरीला ७ × ८ साठी बोटं मोजावी लागली तर समीकरणाचा धागा हातातून सुटतोच. असं मूल आठवीतल्या कोणत्याही नावाच्या वर्गात बसवा, 'अल्जिब्रा १' म्हणा की 'गणित ८' म्हणा, त्याचं ३/४ तसंच राहतं. सॅन फ्रान्सिस्कोने बदलला तो वर्गांचा क्रम. गुण कमी पडण्याचं मूळ तिसरी ते सहावीच्या वर्गांत, रोजच्या तासाला काय होतं त्यात होतं.

मग डिस्ट्रिक्ट आधी क्रमच का बदलतात? कारण ते मंडळाच्या एका ठरावाने होतं. वेळापत्रक बदलतं, बातमी होते, काहीतरी केल्याचं दिसतं. तिसरीच्या शेकडो शिक्षकांना अपूर्णांक वेगळ्या रीतीने शिकवायला तयार करणं हे पाच-सात वर्षांचं, न दिसणारं, महागडं काम आहे. अमेरिकेत प्राथमिकचा एकच शिक्षक वाचन, विज्ञान, इतिहास, गणित सगळं शिकवतो, आणि त्यातल्या पुष्कळांना स्वतःलाच गणिताची धास्ती असते. ते उघडपणे सांगतातही. २०२२ च्या सुरुवातीला तर सॅन फ्रान्सिस्को डिस्ट्रिक्टच्या नव्या पगारप्रणालीत इतका घोळ झाला की महिनोन् महिने कित्येक शिक्षकांना पूर्ण पगार मिळेना. त्या मार्चमध्ये शिक्षकांनी मुख्यालयातच रात्री मुक्काम ठोकला. घरभाडं कसं भरायचं या चिंतेतला शिक्षक संख्यारेषेचा नवा धडा कुठल्या मनाने तयार करणार? गणिताच्या चर्चेत ही गोष्ट बाहेरची वाटते, पण मी ती आतलीच मानते.

इतरांनी काय करून पाहिलं

क्रम पुढे ओढल्यानेही काम होत नाही, हे नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग डिस्ट्रिक्टने दाखवलं. तिथे २००२ च्या सुमारास मध्यम पातळीच्या बऱ्याच मुलांना एक वर्ष आधी, आठवीतच अल्जिब्रात घातलं. ड्यूक विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब केला, तर त्या मुलांचे अल्जिब्राचे गुण कमी पडले होते आणि पुढे भूमिती पार करण्याची शक्यताही घटली होती. शिकागोने १९९७ पासून नववीतल्या प्रत्येकाला अल्जिब्रा सक्तीचा केला. नापास होणारे वाढले, चाचणीतले गुण वाढले नाहीत.

पण शिकागोने तिथे थांबणं पसंत केलं नाही, आणि मला त्यांची पुढची पावलं महत्त्वाची वाटतात. २००३ पासून आठवीच्या चाचणीत राष्ट्रीय मध्याच्या खाली, म्हणजे देशातल्या खालच्या निम्म्या मुलांत असलेल्यांना नववीत अल्जिब्राचा रोज एकाऐवजी दोन तासांचा वेळ मिळाला. एक तास नेहमीचा धडा, दुसरा तास मागचे खड्डे भरायला. शिक्षकांना त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि तयार धडे दिले. लगेच दिसलेला निकाल संमिश्र होता: चाचणीतले गुण वाढले, नापासांचं प्रमाण फारसं कमी झालं नाही. काही जणांनी योजना फसली असं म्हटलं. पण ती मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा त्यांच्यातली जास्त मुलं हायस्कूल पूर्ण करून कॉलेजपर्यंत पोचलेली आढळली. असा निकाल हाती येईपर्यंत बहुतेक शहरांत मंडळाच्या निवडणुका कधीच होऊन गेलेल्या असतात.

शिकागोतलाच आणखी एक प्रयोग म्हणजे 'सागा' संस्थेच्या शिकवण्या. एका शिक्षकापुढे दोनच मुलं, रोज, शाळेच्या वेळातच एक तास. शाळा सुटल्यावर नाही, शनिवारी नाही, कारण तेव्हा ज्याला गरज आहे तेच मूल धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी गेलेलं असतं. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची इतरांशी तुलना करून याची तपासणी केली आणि परिणाम भरघोस निघाला. आपल्याकडे मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम'ने हेच तत्त्व कमी पैशांत वापरलेलं आहे. दिवसातला काही वेळ मुलांना इयत्तेनुसार न बसवता, ज्याला जे येतं तिथून पुढे, अशा गटात बसवायचं: हातच्याची वजाबाकी न येणारी पाचवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा एकाच गटात. प्रतवारीशी याचा घोटाळा करू नये. ती मुलाला कायमची चिकटते. हा गट मूल पुढे गेलं की बदलतो.

दुसऱ्या टोकाला, हुशार पण मागे राहून जाणाऱ्या मुलांसाठी डॅलसने २०१९ मध्ये केलेला बदल मला फार आवडतो, कारण त्याला खर्च जवळपास नाही. पूर्वी सहावीच्या प्रगत गणितात जायला पालकांनी अर्ज करावा लागे किंवा शिक्षकाने नाव सुचवावं लागे. डॅलसने हे उलटं केलं: पाचवीच्या परीक्षेत गुण चांगले असतील तर मूल आपोआप प्रगत वर्गात, नको असेल तर पालकांनी तसं लिहून द्यायचं. इंग्रजी न येणाऱ्या आईला अर्जाची गरजच उरली नाही, आणि प्रगत वर्गातली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं झपाट्याने वाढली. २०२३ मध्ये टेक्सासने कायदाच केला की पाचवीच्या चाचणीत वरच्या ४० टक्क्यांत असलेलं प्रत्येक मूल सहावीत आपोआप प्रगत गणितात जाईल. सॅन फ्रान्सिस्कोतली ती मुलगी मला इथे पुन्हा आठवते.

कोविडच्या साथीच्या काळाने या सगळ्यावर पाणी फिरवलं. देशभरातली नेप ही चाचणी ५०० गुणांकांची असते. तिच्यात आठवीच्या गणिताची सरासरी २०१९ मध्ये २८२ होती, ती २०२२ मध्ये २७४ वर आली, इतिहासातली सर्वांत मोठी घसरण. केंद्र सरकारने तीन कायद्यांतून शाळांना सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. कोणी शिकवण्या लावल्या, कोणी उन्हाळी वर्ग, कोणी वातानुकूलन दुरुस्त केलं. अभ्यासांत या पैशाचा फायदा दिसला, पण बेताचा. सप्टेंबर २०२४ मध्ये मुदत संपली आणि त्या पैशावर नेमलेले शिकवणीवाले बऱ्याच ठिकाणी गेले. २०२४ च्या नेपमध्ये आठवी जिथे होती तिथेच राहिली. चौथीच्या गणितात मात्र एका राज्याने २०१९ ची पातळी ओलांडली, आणि ते अलाबामा होतं. गरीब राज्य, २०१९ ला चौथीच्या गणितात सर्वांत तळाला. २०२२ च्या 'न्यूमरसी ॲक्ट' या प्राथमिक गणिताच्या कायद्याखाली त्यांनी प्राथमिक शाळांमध्ये गणिताचे मार्गदर्शक शिक्षक नेमायला घेतले. हे मार्गदर्शक मुलांना वेगळं शिकवत नाहीत. ते शिक्षकाच्या वर्गात मागे बसतात, धडा संपल्यावर त्याच्याशी बोलतात, पुढच्या आठवड्याचा धडा त्याच्याबरोबर तयार करतात. सारं श्रेय एकट्या कायद्याला देता येणार नाही, पण वर्गाच्या आत जाऊन केलेलं हे काम मला आशा देतं.

आता मोठी शहरं पुस्तकांकडे वळली आहेत. न्यूयॉर्कने २०२४ मध्ये शेकडो हायस्कूलना अल्जिब्रासाठी 'इलस्ट्रेटिव्ह मॅथेमॅटिक्स' हा एकच अभ्यासक्रम लावला. सॅन फ्रान्सिस्कोनेही स्वतः बांधलेला अभ्यासक्रम बाजूला ठेवून बाहेर तयार झालेला आणायला घेतला. यात अर्थ आहे: वर्षात दोनदा शाळा बदलणाऱ्या मुलाला नवा शिक्षक सांगू शकतो की तू कुठल्या पानावर होतास. पण नवीन पुस्तक हातात आल्यावर पहिल्या वर्षी शिक्षक अडखळतो, गुण कधी कधी खालीही येतात, आणि नेमक्या त्याच वेळी मंडळातले कोणीतरी विचारतात की हे पुस्तक बदलायचं का.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळाने २०२२ मध्ये आकड्याबरोबर आणखी एक नियम स्वतःला घालून घेतला होता: बैठकीतला मोठा वेळ मुलांच्या शिकण्यावरच खर्च करायचा आणि मधल्या चाचण्यांचे निकाल वर्षभर सगळ्यांसमोर मांडायचे. त्या बैठका लोकांना खुल्या असतात, पालकाला उठून मिनिटभर बोलता येतं. मराठी पालकांनी तिथे जावं असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्या मुलाच्या अल्जिब्राबद्दल विचारून झाल्यावर तिसरीच्या वर्गातल्या अपूर्णांकांबद्दलही विचारावं.

२०२७ च्या उद्दिष्टाची परीक्षा जी मुलं देतील, ती मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पहिलीत होती. त्यांची दुसरी, म्हणजे शंभरपर्यंतची बेरीज-वजाबाकी आणि एकक-दशक-शतक पक्कं व्हायचं वर्ष, बहुतेक पडद्यासमोर गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये शहरातले प्राथमिक वर्ग टप्प्याटप्प्याने उघडले तेव्हा ते वर्ष संपत आलं होतं. तिसरीत ती वर्गात परतली, आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदाच अपूर्णांक आला.